उन्हाबरोबर उतरलेला भाव

पहिली गोळी

मी एक जुना पिनबॉल आहे, मित्रांनो. लाकडी पेटी, चार पाय, वर काच, काचेखाली उतरती फळी आणि त्या फळीवर धावणारी पोलादाची एक गोळी. दट्ट्या ओढून सोडला की गोळी सुसाट वर जाते. मग ती या टोपीवर आपटते, त्या खुंटीवर आपटते, आणि प्रत्येक आपटण्याचे मी गुण देतो. खाली दोन आखूड हात आहेत. त्यांनी गोळी परत वर मारायची. चुकलात की गोळी भोकात. एका नाण्यात पाच गोळ्या मिळतात, म्हणून माझी गोष्टही मी पाच गोळ्यांत सांगणार आहे. एखादी लवकर पडेल. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात मैलभर तार विणली. एका जहाजातून मी मुंबईच्या बंदरावर उतरलो, काही वर्षे खलाशांच्या क्लबात राहिलो आणि १९८१ साली ठाण्याला स्टेशनजवळच्या रतनशेठच्या पार्लरमध्ये आलो. तिथे माझे खरे दिवस गेले. शाळा सुटली की माझ्यापुढे रांग लागायची. कॉलेजातली मोठी मुले माझ्या काचेवर कोपरे टेकून शपथा घ्यायची. माझी घंटा वाजली की समोरचा पानवालासुद्धा मान वर करून बघायचा.

माझ्या डोक्यावरच्या काचेत आकड्यांची चार चाके आहेत. पाचवे शून्य नुसते काचेवर रंगवलेले आहे, गुण जास्त वाटावेत म्हणून. ही मला घडवणाऱ्यांची लबाडी. पण एक गोष्ट खरी. माझे आकडे फक्त चढतात. उतरायला लागणारे दातेच माझ्या चाकांना नाहीत.

१९८६ साली रतनशेठने पडद्यावरचे खेळ आणले. त्यांत गोळी नव्हती, वजन नव्हते, तरी सगळे तिकडे वळले. मला मागच्या खोलीत ढकलले. माझ्यावर आधी रद्दी आली, मग मोडक्या खुर्च्या. एका जुलैत गटार तुंबून पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत चढले. उतरल्यावर कुणी मला पुसले नाही. पुढच्या हिवाळ्यात उंदरीण माझ्या घंटेपाशी व्याली.

ही गोळी इथे पडली.


दुसरी गोळी

१९९४ साली रतनशेठचा पंखा दुरुस्त करायला नाथा आला.

नाथा चेंदणी कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण खाडीतल्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला तेव्हा ती होडी चिखलात बसली ती बसलीच. नाथा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रिले बनवायला लागला. रिले म्हणजे विजेचा दरवान. इकडून हुकूम आला की तिकडचे दार उघडायचे. सतरा वर्षे त्याने असे दरवान बनवले. मग एके दिवशी कारखान्याच्याच दाराला कुलूप लागले, आणि ते उघडणारा रिले कुणाकडे नव्हता.

पंखा झाल्यावर त्याने सहज माझे मागचे झाकण उघडले. आत त्रेचाळीस रिले होते. गंजलेले, शेवाळलेले, पण ओळीत. तो खाली बसला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"घेऊन जा रे बाबा," रतनशेठ म्हणाला. "उंदीर झालेत त्यात. हातगाडीचं भाडं मात्र तुझं."

आठ महिने लागले. जळलेली तारेची वेटोळी नाथाने हाताने गुंडाळली, फेरे तोंडाने मोजत. मध्येच कुणी हाक मारली तर तो पुन्हा एकापासून सुरू करायचा, म्हणून घरात सगळे खुणांनी बोलायला लागले. कुजलेल्या दोरीच्या जागी त्याने जाळ्याचा नायलॉन घातला. रबरी कडी सायकलच्या ट्यूबमधून कापली. गोळी एका जुन्या बेअरिंगमधून काढली. काचेवरच्या चित्रात एक परदेशी बाई अग्निबाणावर बसलेली होती. तिचे अर्धे तोंड ओल लागून गेले होते. ते त्याने होडीच्या उरलेल्या रंगाने भरले.

त्याची बायको चंद्रभागा मार्केटातून रिकामी पाटी घेऊन आली आणि चित्रापुढे थांबली.

"ही कोन सटवी?"

"कुनी नाय गो. अशीच."

"अशीच? मंग तिच्या नाकात माजी नथ कशाला?"

नाथा लाजला. मी तेव्हा पेटत नव्हतो, नाहीतर सगळे दिवे लावले असते.

आता मूळ गोष्ट ऐका. डोंबिवलीला मानपाडा रोडवर एका नव्या इमारतीत जिन्याखाली एक गाळा होता. एक माणूस आणि एक टेबल मावेल एवढाच. मालकाने नाथाला सांगितले होते, शनिवारपर्यंत चार हजार अनामत आण, गाळा तुझा. नाहीतर कॅसेटवाला तयार आहे. नाथाने दुकानाच्या पाटीवरची अक्षरेसुद्धा ठरवली होती: रिले, पंखे, मिक्सर, काहीही. गाळा नाही मिळाला तर तिथल्याच एका रंगाच्या कंपनीच्या फाटकावर वॉचमनची जागा होती. त्या गणवेशाचे माप घेऊन झाले होते.

चार हजार माझ्यातूनच यायचे होते. घरात विकण्यासारखे दुसरे काही नव्हते.


तिसरी गोळी

विक्रीला गुरुवार धरला. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून चंद्रभागा घरी. रतनशेठच्या पार्लरात आणि दोन चहावाल्यांकडे निरोप ठेवले होते. सकाळी आठला चौघांनी मला उचलून ओट्यावर आणले आणि खिडकीतून वायर सोडली.

त्या आळीत रीत अशी की पुरुषाने मासळी धरायची आणि बाईने विकायची. भाव बाईच्या तोंडून निघायचा. नाथाच्या आजीने भाव केला, आईने केला, आता चंद्रभागा करत होती. नाथाने उभ्या जन्मात एका बोंबलाचा भाव सांगितलेला नव्हता. भाजीसुद्धा तो सांगतील त्या पैशांना आणायचा.

चंद्रभागेने पदर खोचला. माझ्याभोवती एक फेरी मारली, काचेवर बोट वाजवले, वाकून वास घेतला.

"केवढं बोलू?"

"तूच बग."

"मना काय कलतं यातलं? घोल हाय का मांदेली, ते तरी सांगा."

नाथाने माझ्याकडे बघितले. घोळ म्हणजे मोठी, मानाची मासळी. ती सापडली की आळीत बातमी होते.

"घोल," तो हळूच म्हणाला.

"मंग पाच हजार."

माझा भाव असा ठरला, मित्रांनो. आठ महिने, त्रेचाळीस रिले, हजारो फेरे, हे काही कुणी मोजले नाही. तरी आकडा बरोबर होता. 

दहाच्या सुमारास दामाजी आला. मानपाड्याचा. त्याच्या बापाची भातशेती कारखान्यांत गेली होती आणि त्या पैशांवर दामाजी हॉटेल काढत होता, कुटुंबाने यावे असे, पोरांना खेळ असलेले. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट.

"काय रे नाथा, यो चालतो का नुसता चमकतो?"

"खेलून बग ना."

"केवढ्याला वयनी?"

"पाच."

"पाच? वयनी, तुमी याला खवलं काढून देनार का?"

आळीतल्या बायका हसल्या. चंद्रभागाही हसली, पण आकडा तिने हलवला नाही. दामाजी साडेतीन हजारांवर अडून होता. मग त्याने दट्ट्या ओढला. मला कितीतरी वर्षांनी परका हात लागला होता. पहिली गोळी गेली, दुसरी गेली, तिसरीला तो रंगात आला, ओरडायला लागला, "थांब, थांब, जाते कुठं," चंद्रभागेने भिंतीला टेकून ठेवलेली पाटी त्याच्या बुटाने उडाली, गोळी दोन हातांच्या मधून भोकाकडे निघाली आणि ती वाचवायला त्याने मला दोन्ही कुशींना धरून असा हिसका दिला की


टिल्ट


दिवे गेले. घंटा गेली. हात लुळे पडले. टिल्ट म्हणजे कललो; मला कुणी हिसडले की मी असाच मरतो, मित्रांनो. माझ्या पोटात एक लंबक टांगलेला आहे. तो भोवतीच्या धातूच्या कड्याला लागला की सगळे बंद. खेळणाऱ्याने लबाडी करू नये म्हणून ही सोय. ती गोळी तिथेच संपली, आणि तिच्याबरोबर मला त्या सकाळबद्दल जे नीट सांगायचे होते तेही.


चौथी गोळी

"बिगाडला!" दामाजी म्हणाला. "मी काय नाय केला हा. बिगाडलेलाच होता."

नाथा समजावत होता की हा बिघाड नाही, हा नियम आहे. पण नियम समजावून सांगणारा माणूस नेहमी खोटाच वाटतो. चंद्रभागा पुढे झाली.

"अवो, कल्ला दावा त्याला."

मासळी ताजी आहे की नाही हे गिऱ्हाईक कल्ला उचलून बघते. आत लाल असेल तर ताजी. तिच्या धंद्यात चांगला माल कधी झाकत नाहीत. नाथाने माझे मागचे झाकण उघडले. आत त्रेचाळीस रिले, घासून लखलखीत. पण जाळ्याचा नायलॉनही दिसत होता, सायकलची ट्यूबही, ठिगळ लावलेल्या ताराही. दामाजी आत डोके घालून बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने हसणे बंद केले होते.

"माज्या वायरमनला इचारतो. सांजच्याला येतो."

"बग हां. मंग मिलायचा नाय," चंद्रभागा म्हणाली.

तो गेल्यावर ती ओट्यावर बसली. "गेला हा."

"येतो बोललाय गो."

"सांजच्याला येतो बोलनारा गिऱ्हाईक आजवर कंदी आयलाय का? वीस वरीस बसते मी बाजारात."

अकरा वाजता एक मास्तर येऊन शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने मिळेल का विचारून गेले. बारा वाजता कुणीच नाही.

ऊन डोक्यावर आले तशी चंद्रभागा अस्वस्थ झाली. मासळीचा भाव सूर्य ठरवतो. सकाळी मोठा, दुपारी मधला, आणि संध्याकाळी जो देईल तो. उरलेली पाटी घरी नेणे ही विकणारीची नाचक्की. ती हे शिकलेली नव्हती. ते तिच्या अंगातच होते. सावली ओट्यावरून सरकली की तिचा भाव आपोआप सरकायचा.

०४५००

हा आकडा तिने कुणा एकाला सांगितला नाही. आळीला सांगितला.

तेव्हाच जगन आला. शीळफाट्याला भंगाराचे गोडाऊन होते, तिथला हा फिरता माणूस. हातगाडी, तागाची पोती आणि काटा. तो समोरच्या ओट्यावर बसला, पाणी मागून प्यायला. त्याने भाव विचारला नाही. तो सावली बघत होता. कोळीवाड्यात दहा वर्षे फिरून त्याला एवढे कळले होते.

०४०००

"हा शेवटचा," चंद्रभागा म्हणाली. "चाराच्या खाली गालाच नाय."

नाथाने मान हलवली. तो माझ्या काचेवरची धूळ पुसत होता. धूळ नव्हती.

दोन वाजले. तीन वाजले.

०३०००

इथून पुढे, मित्रांनो, मला नीट सांगता येत नाही. मी म्हणालो होतो ना, माझी चाके उलटी फिरत नाहीत. पण चंद्रभागेचा हिशोब सरळ होता. आज चार मिळत नाहीत म्हणजे उद्याही नाहीत, आणि गाळा गेला. गाळा गेला म्हणजे माल शिळा. मग शिळ्या मालाचे जे येईल ते.

"थांब जरा गो," नाथा म्हणाला. "ही मासली नाय."

"मंग काय हाय? सोना हाय?"

"जुना मशीन हाय. चालता हाय. राहिला तर भाव चढंल त्याचा."

चंद्रभागेने त्याच्याकडे बघितले. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते. "राहून भाव चढलेला माल मी अजून बगितला नाय."

"मावशीचं बरोबर आहे," समोरून जगन म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदा बोलला.

"तू गप रे. तुला कुनी इचारला?"

"नाही विचारलं. बसलोय आपला."

नाथाला एवढेच म्हणायचे होते: पाच. एकच शब्द. तो त्याच्या ओठांवर आलेला मी बघितला. पण आळीतल्या बायका ऐकत होत्या, आणि बायको भाव करत असताना मध्ये आकडा बोलणाऱ्या पुरुषाला त्या आळीत जन्मभर नावे ठेवतात. त्याने ओठ मिटले आणि तो घोटभर पाणी प्यायला आत गेला.

तो आत असताना जगन उठला.

०१५००

००९००

"आतलं तांबं आणि पितळ तेवढं नेतो. लाकूड तुम्हाला राहू दे, मावशी. सहाशे."

"सातशे."

"ऊन बघा."

चंद्रभागेने ऊन बघितले. ओट्याच्या कडेला त्याची एक पट्टी उरली होती. तिने हात पुढे केला.

००६००

जगन सराईत होता. मोडण्याआधी त्याने भिंतीतून वायर उपटली, हे त्याचे उपकार. मग पक्कड. नाथाने हाताने गुंडाळलेली वेटोळी त्याने एका हिसक्यात एकेक तोडली. त्रेचाळीस दरवान पोत्यात पडले. घंटा पोत्यात पडताना एकदा वाजली. नाथा पाण्याचा पेला हातात धरून दारात उभा होता. पेल्यातले पाणी त्याने प्यायले नव्हते.

"मोडतोस कशाला रे? अख्खा ने ना," तो म्हणाला.

"अख्ख्याचं काय करू, काका? तिकडे वजनावर घेतात."

अर्ध्या तासात हातगाडी गल्लीबाहेर गेली. चंद्रभागेने माझ्या रिकाम्या पेटीवर गोधडी टाकली आणि सहा नोटा नाथाच्या हातात दिल्या. त्याने त्या मोजल्या नाहीत.


पाचवी गोळी

दिवे लागायच्या वेळी दामाजीची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली.

गोधडीच्या भोकांतून मला थोडे दिसत होते आणि सगळे ऐकू येत होते. लाकडालाही ऐकू येते, मित्रांनो. मी आता लाकूडच होतो.

"नाथा! अरे नाथा! वायरमनला सगळा सांगितला. नायलॉन, ट्यूब, समदा. तो काय बोलला माहीत हाय? बोलला, शेठ, असं हातानं गुंडालनारा मानूस आता मिलत नाय, चार मागितले तर साडेचार द्या. घेऊन आयलोय. कुठं हाय मशीन?"

घरात चंद्रभागा चुलीपुढे होती. तिच्या हातातली पळी थांबली. वीस वर्षे बाजारात बसलेली ती बाई, एका पापलेटासाठी दोन गिऱ्हाइकांना भांडायला लावणारी, आज दामाजीसमोर उठली नाही. तिने फक्त नाथाकडे बघितले. मी तिचा श्वास ऐकला. तो मासळीसारखा होता, पाण्याबाहेरच्या.

नाथा उठला. चपला न घालता गल्लीत गेला आणि ओट्याच्या आणि दामाजीच्या मध्ये उभा राहिला.

"गेला तो," त्याने सांगितले. "दुपारीच."

"गेला? मी बोललो होतो ना सांजच्याला येतो! केवढ्याला गेला?"

 सगळ्या आळीला आकडा माहीत होता. सगळी आळी ऐकत होती.

"पाच हजार," नाथा म्हणाला.

उभ्या जन्मात त्याने सांगितलेला तो पहिला भाव.

कुणी हसले नाही. समोरच्या ओट्यावरच्या एका म्हातारीने लसूण सोलताना मान खाली घातली, एवढेच.

"पाच?" दामाजी म्हणाला. "बरा झाला मंग. पाच मी दिलं नसतं." मग त्याला आठवण झाली. "मंजे गाला घेतलास की रे! मानपाड्याचा. माज्या हाटेलापासून दोन मिन्टं. नारल फोडायला बोलव हां. इसरू नको."

"बोलवतो," नाथा म्हणाला.

जीप मागे मागे गेली. नाथा घरात आला. चंद्रभागेने भात वाढला. जेवताना तिने बोंबलाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात टाकला आणि तो त्याने परत तिच्या ताटात ठेवला. असे दोनदा झाले. मग तिने तो मधेच, दोघांच्या ताटांमध्ये, ठेवून दिला. तो तिथेच राहिला.

सोमवारपासून नाथा गणवेश घालून मानपाड्याला जातो. रंगाच्या कंपनीच्या फाटकावर उभा राहतो, ट्रक आला की दार उघडतो, गेला की लावतो. दामाजीची जीप दिसली की तो फाटकाच्या आत होतो. जिन्याखालच्या गाळ्यात कॅसेट भाड्याने मिळतात.

माझी पेटी सरपणात गेली. गोळी धावायची ती फळी तेवढी चंद्रभागेने ठेवली. ती आता ठाण्याच्या मार्केटात तिच्यापुढे असते आणि तिच्यावर मासळीचे वाटे लागतात. खुंट्यांची भोके अजून आहेत. त्यांतून पाणी चांगले निथळते, असे ती शेजारणीला सांगते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिचा अंगठा एकाच भोकाभोवती फिरत राहतो.

मित्रांनो, वस्तू पुसा, कोरड्या ठेवा, पावसाळ्यात उचलून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मीही सांगतो. पण एक जास्तीचे ऐका. कधी एखाद्या दुरुस्त केलेल्या वस्तूचा भाव चालला असेल आणि ती दुरुस्त करणारा बाजूला गप्प उभा राहून नसलेली धूळ पुसत असेल, तर सौदा थांबवा. त्याच्याकडे वळा आणि विचारा, केवढ्याला? तो अडखळेल, लाजेल, लोक हसतील. विचारा तरी. आणि तो तुमच्याच घरातला असेल, तर ऊन आहे तोवर विचारा.